हिमथर तपासायचं किट: जानेवारी ते एप्रिल वापरल्यानंतर

दांडिया बाजारातल्या आमच्या ट्रेकिंगच्या मंडळींपैकी बरेच जण विचारतात, हिमस्खलनाचा धोका ओळखायला बर्फाचे थर तपासायचं हे किट बडोद्यात बसून घ्यावं का? म्हणून सविस्तर लिहितो. पिशवीत उतारमापक, डिजिटल थर्मामीटर, घडीची करवत, कण बघायची पट्टी आणि भिंग येतं. मनालीच्या वरच्या उतारांवर स्थानिक गाइडबरोबर वापरलं.

सगळ्यात उपयोगी पडला तो थर्मामीटर. उन्हाकडच्या उतारावर मुख्य प्रश्न एकच, रात्री बर्फ किती गोठला? आकाश निरभ्र असेल तर हवा शून्याच्या किंचित वर असूनही पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री बर्फातली उष्णता बाहेर पडत नाही, वरचा पापुद्रा पातळच राहतो आणि सकाळी लवकर सुटतो. पहाटे बर्फात खड्डा खणून त्याच्या भिंतीत दर दहा सेंटीमीटरवर तापमान घ्यायचं. वरचा थर शून्यावर आलेला असेल तर बर्फ मुठीत दाबून पाणी सुटतंय का ते बघायचं.

थर्मामीटरच्या दांडीवर ऊन पडलं की आकडा चढतो, म्हणून ती खड्ड्याच्या सावलीतल्या भिंतीत खुपसा. आणि निघण्याआधी घरी तपासून घ्याच. पातेल्यात बर्फाचा चुरा, थोडं पाणी, नीट ढवळायचं, दांडी मधोमध धरायची, भांड्याला टेकू द्यायची नाही. शून्य दिसायला हवं. माझा अर्धा अंश जास्त दाखवत होता. खोलीतल्या हवेच्या थर्मामीटरला हे चाललं असतं. इथे उणे अर्धा म्हणजे कोरडा बर्फ आणि शून्य म्हणजे ओला होऊ लागलेला.

उतारमापक साधा आणि चोख आहे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. पावागडच्या वाटेवर आधी नजरेने अंदाज, मग मोजणी, असा सराव करा. बर्फात आपण उभे आहोत तोच नव्हे, डोक्यावरचा उतारही मोजायचा.

करवतीने ९० बाय ३० सेंटीमीटरचा ठोकळा मोकळा करून त्याच्या एका टोकाला फावडं ठेवून ३० थापा मारतात. पापुद्र्याखाली साखरेसारखे सुटे कण असतील तर ही चाचणी कामाची. तडा ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळाला की उतार सोडायचा. ओल्या बर्फात मात्र तिच्यावर विसंबू नका, ऊन चढतं तशी परिस्थिती भराभर बदलते. करवतीचं म्यान थंडीत तडकलं, विक्रेत्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आधी पूर्वेकडचा उतार तापतो, मग दक्षिणेकडचा, शेवटी पश्चिमेकडचा. खडकांजवळून बर्फाचे गोळे गडगडायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, की मापं घेत बसू नये, निघावं. ताज्या हिमवर्षावानंतरच्या पहिल्या उन्हात तर फारच जपावं.

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा शोध लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं नसेल तर पैसे आधी त्यावर घाला. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज वाचायचे. हे किट त्यानंतर, आणि करवतीशिवाय मिळत असेल तर तसंच घ्या.