ज्युरीच्या खोलीतली बांबूची सुई: आठ महिने वापरल्यानंतर

नागरिकत्व घेतल्यावर पहिल्यांदाच कॅलिफोर्नियातल्या आमच्या काउंटी कोर्टाचं ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसण्याचं, बोलावणं आलं. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे नानावटीच्या वेळी होती तशी?" तशीच. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटींवरच्या त्या खून-खटल्याला नऊ जण होते, इथे फौजदारी खटल्याला बारा. पण बारा निवडायला त्याच्या कितीतरी पट माणसं बोलावतात, म्हणून वाट पाहणं आलंच.

पहिल्या दिवशी आईच्याच जुन्या ॲल्युमिनियमच्या सुया नेल्या. दारावरच्या तपासणीत अडवलं, गाडीत ठेवून या म्हणाले. चार तास रिकाम्या हाताने बसले. निवड दुसऱ्या दिवसावर गेली आणि त्याच संध्याकाळी मी ही बांबूची गोल सुई घेतली: ४.५ मिमी, दोन टोकं, मधे ८० सेंमीची प्लास्टिकची दोरी. दुसऱ्या दिवशी ती विनातक्रार आत गेली. सगळीकडे जाईलच असं नाही, तेव्हा आधी कोर्टाला फोन करून विचारा. कात्री मात्र नेऊच नका. मी लोकर घरीच कापून, गुंडे करून नेत असे.

गोल सुईचं खरं मोल कळलं ते नाव पुकारल्यावर. ज्युरीच्या खोलीत पाच मिनिटं मिळतील की दोन तास, कुणालाच ठाऊक नसतं. सरळ सुयांवर ओळ अर्धवट टाकून उठलं की टाके निसटतात. इथे सगळे टाके दोरीवर सरकवायचे, पिशवीत टाकायचं आणि चालू लागायचं. आठ महिन्यांत असा एकही टाका निसटलेला नाही. नमुनाही तसाच निवडला, सगळ्या ओळी सुलट. मोजायचं काही नाही, म्हणून कुठेही थांबता येतं. बांबूचा आवाजही होत नाही, शेजारी वाचत बसलेल्याला त्रास नाही. कोर्टरूममध्ये अर्थात पिशवी बंद. साक्ष चालू असताना हात मोकळे आणि कान तिकडेच हवेत.

माझी निवड पर्यायी ज्युरर म्हणून झाली. सगळा खटला ऐकायचा, पण बारांपैकी कुणी गळालं तरच निर्णयात भाग. ते बारा जण आत चर्चा करत होते तेव्हा आम्ही दोघी पर्यायी बाहेर बसून होतो. खटल्याबद्दल एकमेकींशीही अवाक्षर काढायचं नाही, आणि डोक्यात तर दुसरं काही नाही. त्या बाई क्रोशे करत. आम्ही लोकरीवर बोललो. टाके बंद करताना काठ आवळून येऊ नये म्हणून शेवटच्या ओळीला एक नंबर जाड सुई घ्यायची, हे त्यांनीच सांगितलं. ते दोन दिवस मी त्यांच्याशिवाय कसे काढले असते, कोण जाणे.

आता सुईच्या तक्रारी. नवी असताना बांबू लोकर धरून ठेवतो, हात सावकाश चालतो. महिन्याभरात हाताच्या तेलाने ती गुळगुळीत झाली. दोरी डब्यातून वेटोळी निघाली होती, गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ केली. चौथ्या महिन्यात एका टोकाला बारीक कुसळ निघालं आणि मेरिनो लोकर अडकू लागली. अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवल्यावर थांबली. एक दोष मात्र गेला नाही: सुई आणि दोरीच्या सांध्यावर टाके अडतात, दर वेळी बोटाने पुढे ढकलावे लागतात. घट्ट विणणाऱ्यांना हे फार जाचेल.

खटला संपला, पण सुई पर्समध्येच राहिली. मुलाचा पोहण्याचा क्लास, दंतवैद्याची खोली, सगळीकडे दोन-चार ओळी होतात. आईची राखाडी शाल मेमध्ये पूर्ण झाली. पुढच्या टोपीसाठी याच बनावटीची ४ मिमीची घेतली आहे, फक्त दोरी या वेळी ४० सेंमीची.