सोलापुरात माउंटन बाइकची वाट: नकाशावरून की सोबत्यांकडून?

सोलापुरात नव्याने आलेल्या माउंटन बाइकस्वाराला उपग्रह नकाशावर वाटा हेरून एकट्याने निघता येते, किंवा पहाटे सायकल चालवणाऱ्या मंडळींत सामील होता येते. नकाशावर हिप्परगा तलावाचा काठ स्पष्ट दिसतो. मात्र पावसानंतर काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये गच्च बसून सायकल खांद्यावर घ्यायला लावते आणि उन्हाळ्यात बाभळीचा काटा ट्यूबमध्ये शिरतो, हे नकाशा सांगत नाही. मंडळींना ते अनुभवाने ठाऊक असते. नान्नजचे माळरान माळढोक अभयारण्याचे असल्याने तिथे परवानगीशिवाय शिरू नये, हेही तीच बजावतात. अडचण एवढीच, की बहुतेकांचा ओढा तुळजापूरच्या डांबरी रस्त्याकडे (त्यातही वाटेतल्या चहाकडे) असतो. म्हणून मी सोबती त्यांच्यातून निवडीन, वाट मात्र नकाशावरून सुचवीन.