वाळवंटातली इंटर्नशिप: जोधपूर की दुबई?

माझा कौल आधीच सांगतो: कृषीच्या विद्यार्थ्याने पहिली इंटर्नशिप जोधपूरला करावी. तिथली 'काझरी', म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, १९५९ पासून थरच्या वाळवंटाचा अभ्यास करते आहे. तिथे अडचण पावसाची. वर्षाला जेमतेम ३५० मिलिमीटर, तोही लहरी. म्हणून अंगणातलं पाणी जमिनीखाली साठवणारे टांके, शमीच्या सावलीतली बाजरी-मटकी, उडती वाळू रोखणारे झाडांचे पट्टे. सौर पॅनेलवरून ओघळणारं पाणी साठवून मधल्या जागेत पीक घेण्याचा प्रयोग तर बघण्यासारखाच. शिवाय हिंदीवर काम भागतं (गावात मारवाडी कानावर पडेल, पण आठवडाभरात सवय होते).

दुबईच्या 'इक्बा'चा, १९९९ मध्ये सुरू झालेल्या क्षारशेती केंद्राचा, प्रश्न निराळा: पाणी आहे, पण खारं. किनोआ, सॅलिकॉर्निया अशी खारं सोसणारी पिकं आणि निःक्षारीकरणातून (खाऱ्या पाण्यातलं मीठ काढताना) उरलेल्या अतिखाऱ्या पाण्यावर आधी मासे, मग पीक. काम भारी, पण व्हिसा आणि राहण्याचा खर्च खिसा बघून ठरवा.

अपवाद एकच. घर विदर्भात दर्यापूरकडे, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (जिथलं भूजलच खारं) असेल, तर दुबईचा अर्ज आधी भरा.