पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म आणून देतो म्हणून 3 लाख घेतले, झेडपी-पंचायत समितीला उभं राहणाऱ्यांनी वाचा

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमचं म्हणायला शहर, 'क' वर्ग नगरपरिषद आहे, पण निम्मे लोक सकाळी डबा घेऊन वावरातच जातात. गावाचं नाव लिहत नाही कारण पोलिसात तक्रार दिलेली आहे.

2016 नंतर आमच्याकडे निवडणूकच झाली नव्हती. मुदत संपली अन् तेव्हापासून प्रशासक बसला, नळ आठव्या दिवशी येतो, नाली तुंबली तर सांगायचं कोणाला तर कोणालाच नाही. बचत गट मी बारा वर्षांपासून चालवते, बँकेत, पंचायत समितीत बायांची कामं घेऊन मीच जाते. आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण महिला सुटली तेव्हा गटातल्या बायाच म्हणाल्या, ताई तू उभी राहा, घरोघरी आम्ही फिरतो. मलाही मनापासून वाटत होतं की पाण्याचं काम तरी आपण करून दाखवू.

4 नोव्हेंबर 2025 ला कार्यक्रम जाहीर झाला अन् दोनच दिवसांत माझ्या मालकांच्या ओळखीचा एक माणूस घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, सर्व्हेत तुमचंच नाव एक नंबरवर हाय, फक्त वरून फायनल करून आना लागते." मोबाईलमध्ये मोठमोठ्या नेत्यांसोबतचे फोटो दाखवले, आमच्यासमोर स्पीकरवर कोणाला तरी साहेब साहेब करून फोन लावला, समोरचा माणूस म्हणाला ताईंचं नाव चाललंय. तो साहेब कोण हे मी आजही सांगू शकत नाही. पक्षाच्या तालुकाध्यक्षाला एकदा भेटून येऊ का विचारलं तर म्हणे त्याले काहून सांगता, तो आपल्या भावजयीसाठी लावून राहिला ना तिकीट. हे इतकं खरं वाटलं की मी गेलेच नाही, खरं तर तिथंच चुकलं.

पैसे एकदम नाही मागितले. आधी 25 हजार सर्व्हेवाल्यांचे, ते मी फोनपे केले. मग निरीक्षक येणार, त्यांची लॉजची, गाडीची व्यवस्था, 75 हजार रोख. मग 14 तारखेला रात्री दहा वाजता फोन, पार्टी फंडाचे 2 लाख उद्या सकाळपर्यंत पाहिजे नाहीतर दुसऱ्या बाईचं नाव जाते. पावसानं सोयाबीन अर्धं काळं पडलं होतं, जे होतं ते मिळेल त्या भावात विकून टाकलं, पोत पतसंस्थेत गहाण ठेवली, अन् गटातल्या बायांनी हजार हजार करून दिले. 'क' वर्गात नगरसेवकाला पूर्ण निवडणुकीचा खर्चच अडीच लाखापर्यंत करता येतो, माझे 3 लाख तर फॉर्म भरायच्या आधीच गेले होते. तिकिटासाठी पैसे देणं हेच चूक आहे हे मला कळत होतं, तरी दिले, ते लपवत नाही.

आता मेन गोष्ट. नगरपरिषदेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला फॉर्मवर एक सूचक, म्हणजे नाव सुचवून सही करणारा मतदार, चालतो, अपक्षाला पाच लागतात. अन् एका जागेसाठी एका माणसाला चार फॉर्म भरता येतात. माझी भाची कॉम्प्युटर सेंटरवर आहे, तिनं ऑनलाइन फॉर्म भरताना म्हटलंच होतं, मामी एक फॉर्म अपक्ष म्हणून पाच सूचक घेऊन भरून ठेवू. या माणसानं भरू दिला नाही. म्हणे अपक्ष भरला की वरचे समजते बंडखोरी करून राहिली, एबी कापून टाकतीन. मग एकच फॉर्म, एकच सूचक.

17 नोव्हेंबर शेवटचा दिवस, तीनपर्यंत टाइम. मी सकाळपासून रांगेत, हा फोन उचलेना. दोन वीसला मोटरसायकलवर आला, बंद पाकीट हातात दिलं, म्हणे उघडू नका, सील आहे, तसंच द्या. पाकीट आतल्या टेबलावर फोडलं, कागद फॉर्मला लावला, पोच मिळाली, मी बाहेर येऊन पेढे वाटले.

18 ला छाननी. माझ्या नावाला निवडणूक अधिकाऱ्यांनी कागद उलटा करून पाठीमागून पाहिला, पेनचा दाबच नव्हता कुठे. रंगीत झेरॉक्स होती. एबी फॉर्मवर शाईनं केलेली मूळ सही लागते, झेरॉक्स चालत नाही. अन् त्याच पक्षाचा खरा एबी फॉर्म दुसऱ्या बाईनं आधीच लावला होता. मी म्हटलं साहेब मग मला अपक्ष धरा, ते म्हणाले ताई सूचक एकच आहे, पाच पाहिजे होते. अर्ज बाद. वकिलाला विचारलं, तेव्हा जिल्हा न्यायालयात अपील करता येत होतं पण झेरॉक्स कागदावर काय उभं करणार म्हणाला. 2 डिसेंबरला मशीनवर माझं नाव नव्हतं अन् मी माझ्याच प्रभागात मतदान करून आली.

ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न हाच, पैसे कशाचे दिले? खरं तेच सांगितलं. आधी 420 म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेत 318 कलम आहे, त्यात तक्रार घ्या म्हणून लेखी दिलं अन् शिक्क्याची पोच घेतली. पुरावा म्हणून हातात फक्त ते 25 हजाराचं फोनपे अन् त्याचे दोन व्हॉइस मेसेज. रोखीचं काहीच नाही. तो म्हणतो उसने घेतले होते.

तुमच्याकडे कोणी आला तर आधी सरळ पक्षाच्या जिल्हा कार्यालयात जा. एबीवर कोणाची सही चालते ते पक्ष निवडणूक कार्यालयाला कळवतो, तिथं विचारा. पाकीट बंद घेऊ नका. अन् अपक्षाला लागतात तितके सूचक घेऊन एक फॉर्म भरूनच ठेवा, कोणी किती भीती दाखवली तरी, नको असला तर नंतर मागे घेता येतो.

गटातल्या बायांचे पैसे मी महिन्याला दोन दोन हजार करून फेडून राहिली. एकीनंही मागितले नाही, म्हणून जास्त लागतं.

हे आज लिहायचं कारण, परवा माझ्या नणंदेचा फोन आला. ती खेड्यावर राहते, पंचायत समितीला उभं राहायचं मनात आहे तिच्या. म्हणे वहिनी, एक भाऊ आले होते घरी, सर्व्हेत माझं नाव एक नंबरवर आहे म्हणे. मी विचारलं, मोटरसायकल कोणत्या रंगाची होती?

तीच होती.