ब्रेडेड क्लच लाइन: रबर बदला, स्टीलचा पाइप जागेवर राहू द्या

जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर फोक्सवॅगनच्या जी६० इंजिनाचं फ्लायव्हील आणि व्हीआर६ इंजिनाचा २२८ मि.मी. क्लच चढवला की पहिली तक्रार रिव्हर्सची येते. सकाळी गाडी थंड असताना गिअर मुकाट पडतो. अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर अर्धा तास रखडली की तोच रिव्हर्स खरखर करतो आणि पहिला गिअर टाकताना लिव्हर हाताशी अडतो. गॅरेजवाला लगेच प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लचची चकती दाबून धरणाऱ्या भागावर, बोट ठेवतो. पण त्याआधी पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या लाइनमधला रबरी तुकडा तपासायला हवा, कारण जड प्लेट दाबायला तेलाचा दाब जास्त लागतो आणि वीस वर्षांचं, इंजिनच्या उष्णतेत मऊ झालेलं रबर त्या दाबाने फुगतं.

हिशेब सोपा आहे. पेडलजवळच्या, तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १९.०५ मि.मी. धरा. रबर अर्धा मिलिलिटर जरी फुगलं, तरी मास्टरच्या पिस्टनचा पावणेदोन मि.मी. प्रवास वाया जातो. पेडलचं गुणोत्तर पाचास एक धरलं, तर पायाखाली ते जवळजवळ ९ मि.मी. होतात. क्लच पूर्ण सुटण्यासाठी नेमके शेवटचे हेच मि.मी. लागतात.

म्हणून ब्रेडेड लाइन. आत पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी, वर स्टेनलेसची जाळी, साइज तीन नंबर, म्हणजे आतला व्यास सुमारे ३ मि.मी. एक गैरसमज आधीच काढून टाकतो: या लाइनने पेडल हलकं होत नाही. पेडलचा जडपणा प्लेटवर, पेडलच्या गुणोत्तरावर आणि मास्टर आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सवरचा, क्लच सोडवणारा सिलिंडर) यांच्या पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. नळीचा त्यात वाटा नाही. पेडल हलकं होईल असं सांगून कोणी ही लाइन विकत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका.

आता लांबी. सगळ्यात जास्त डोकं इथेच तापलं. परदेशातून येणारे बहुतेक संच डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी कापलेले असतात. तिथे पेडल आणि गिअरबॉक्स एकाच बाजूला, त्यामुळे आखूड लाइन पुरते. आपल्याकडे पेडल उजवीकडे, गिअरबॉक्स डावीकडे. लाइनला फायरवॉलवरून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरून, आडवं जावं लागतं, आणि या इंजिनात टर्बोही मागे, फायरवॉलच्याच बाजूला आहे. आखूड लाइन ताणून बसवली तर इंजिन माउंटवर हललं की फिटिंगवर झटके बसतात. लांब लाइन ढिली सोडली तर ती टर्बोच्या दिशेने लोंबते. विकणाऱ्याला गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. ‘राइट हँड ड्राइव्ह’ हे लेखी कळवा आणि दोन्ही टोकांमधलं अंतर दोरी लावून, वळणांसकट मोजून पाठवा.

दोन्ही मांडण्या वापरल्या: आधी टोकापासून टोकापर्यंत पूर्ण ब्रेडेड, नंतर फायरवॉलवर मूळ स्टीलचा पाइप ठेवून फक्त रबराच्या जागी ब्रेडेड तुकडा. सुरुवातीला पूर्ण लाइनच उत्तम वाटत होती. मे महिन्याच्या उकाड्यात मत बदललं. जाळीदार नळी रबरापेक्षा कितीतरी कमी फुगते हे खरं, पण स्टीलच्या पाइपपेक्षा ती जास्तच फुगते. न फुगणारा लांब पाइप काढून त्याजागी थोडा फुगणारा लावला की एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने जातं. तुकडा लावल्यावर पेडलची पकड जिथे लागते ती जागा गर्दीतही हलत नाही. शिवाय टर्बोजवळून स्टील जातं, त्यामुळे नळीला गरमीपासून वाचवायची चिंता उरत नाही. आयात केलेला पूर्ण संच कस्टम धरून इथे बनवलेल्या तुकड्याच्या चौपट पडला. त्या पैशात नवा मास्टर सिलिंडर आला असता, याची चुटपुट अजून आहे.

तुकडा नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही होजवाल्याकडे बनवून घेताना एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: आतली नळी कशाची? हायड्रॉलिक मशीनच्या होजमध्ये बहुधा नायट्राइल रबर असतं. ते खनिज तेलासाठी ठीक, पण क्लचमध्ये असलेल्या ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये फुगून खराब होतं आणि त्याचा काळा चोथा मास्टरच्या सीलपर्यंत पोचतो. आत पीटीएफईच हवी. ओ-रिंग ईपीडीएमच्या, म्हणजे ब्रेक ऑइल सोसणाऱ्या रबराच्या, हव्यात. फिटिंग स्टीलच्या घ्या. ॲल्युमिनिअमच्या रंगीत फिटिंग दिसायला छान, पण वर्सोवा-वरळीच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसला लागून असलेलं ॲल्युमिनिअम आधी खातं. जाळीवर पारदर्शक आवरण असलेलीच लाइन घ्या. उघडी जाळी कानशीसारखी चालते. शेजारची वायर, पाइप, जे घासेल ते कापते.

बसवताना बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह हाताला लागतो. ठाण्यातल्या एका वर्कशॉपने या कामासाठी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी सांगितली. या गाडीच्या ०२जे गिअरबॉक्सवर स्लेव्ह बाहेर, दोन बोल्टांवर असतो. ज्या गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत असतो, तिथे स्लेव्ह बदलायलाच गिअरबॉक्स उतरते. नुसत्या लाइनसाठी तिथेही नाही. हे माहीत असेल तर बिलावर वाद घालता येतो.

पाइप स्प्रिंग क्लिपने अडकलेला असतो. क्लिप ओढून काढू नका, थांबेल तिथपर्यंतच सरकवा. जुना ओ-रिंग सॉकेटमध्ये मागे राहिला नाही ना, हे टॉर्च लावून पाहा. दोन ओ-रिंग एकावर एक बसले की गळती नक्की. नळीला ५० मि.मी.पेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका. पीटीएफई एकदा चिमटली की सरळ होत नाही, तो तुकडा फेकायचाच. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो.

खरी परीक्षा हवा काढण्याची. पेडल मारून निपल (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडायची नेहमीची पद्धत इथे अपुरी पडते, कारण स्लेव्ह जागेवर असताना हवेचा बुडबुडा त्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकतो. दोन्ही बोल्ट काढा, स्लेव्ह हातात घेऊन निपल सर्वांत वर येईल असा धरा. निपल उघडा, स्लेव्हचा दांडा अंगठ्याने सावकाश पूर्ण आत दाबा, निपल बंद करा, दांडा हळूहळू बाहेर येऊ द्या. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा. रिझर्व्हॉयरवर दुसऱ्या माणसाची नजर हवी. अर्धा लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल पुरतं. स्लेव्ह सुटा असताना कोणीही पेडलला पाय लावायचा नाही. दांडा बाहेर उडतो आणि सील जातं. व्हॅक्यूम पंपावर भरवसा ठेवू नका, निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि बुडबुडे संपतच नाहीत.

लाइन कडक झाली की क्लच आधीपेक्षा जास्त सुटतो. पेडलखाली लॉकनटसह स्टॉपर बोल्ट लावा आणि गिअर स्वच्छ पडतो त्याच्या थोडं पुढे पेडल थांबेल असं जुळवा, नाहीतर प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा जास्त वाकत राहतात.

पावसाळ्याने आणखी एक फायदा दाखवला. रबरातून हवेतला ओलावा तेलात झिरपतो, पीटीएफईतून फारच कमी. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. तरी रिझर्व्हॉयर ब्रेक आणि क्लचचा एकच आहे आणि ओलावा तिथूनही येतो, म्हणून दरवर्षी पावसाळा संपल्यावर तेल बदला. नव्या लाइननंतर पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे थेंब नसेल, तर लाइनला हात लावू नका. पेडलमागचा कार्पेट उचलून पाहा. तो ओला असो वा कोरडा, मास्टरचं सील संपलेलं आहे.