जुनाच डबा नव्या खोक्यात: फायबर दुरुस्तीच्या नावाखाली लूट

माझे आई-बाबा नाशिकला सिडकोत राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचं इंटरनेट बंद पडलं आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्यांच्याकडून ३,७०० रुपये उकळले. ही युक्ती इतकी सोपी आहे की कुठल्याही घरात खपून जाईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ओएनटीवर, म्हणजे कंपनीने भिंतीवर लावून दिलेल्या फायबरच्या डब्यावर, एलओएसचा (‘लॉस ऑफ सिग्नल’, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल लुकलुकत होता. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने तेव्हाच आपला नंबर देऊन ठेवला होता. ‘काका, कंपनीत तक्रार केलीत तर दोन-दोन दिवस कुणी फिरकत नाही, थेट मलाच फोन करा.’ बाबांनी त्यालाच बोलावलं. सगळा डाव इथेच आहे. कंपनीकडे तक्रार नाही, त्यामुळे तक्रार क्रमांक नाही, आणि त्या भेटीची कुठे नोंदही नाही.

त्याने डबा बघितला, गच्चीवर जाऊन वायरशी काहीतरी केलं आणि खाली येऊन सांगितलं, ‘परवाच्या विजेने ओएनटी जळाली. हे वॉरंटीत बसत नाही.’ ऑफिसात तपासतो म्हणून डबा घेऊन गेला आणि संध्याकाळी नवंकोरं खोकं घेऊन आला. आतून स्वच्छ डबा निघाला, सोबत नवा अ‍ॅडॉप्टर. लावल्याबरोबर दिवे हिरवे. वायफायचं नाव आणि पासवर्डही नवा. ओएनटीचे २,८००, वायर जोडण्याचे ६००, व्हिजिटचे ३००. बिल मेलवर येईल म्हणाला आणि पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतले. बिल अर्थातच आलं नाही.

आईच्या टॅबवर नवा पासवर्ड चालेना, म्हणून मी तिला डब्यामागच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगितलं. बाबांना प्रत्येक वस्तूची फाइल ठेवायची सवय आहे. जोडणीच्या कागदावर जुन्या ओएनटीचा जीपॉन सिरीयल नंबर, म्हणजे फायबरच्या जाळ्यावर तो डबा ज्यावरून ओळखला जातो तो नंबर, लिहिलेला होता. हा नंबर बारा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं डबा बनवणाऱ्या कंपनीची, ती त्या कंपनीच्या इतर डब्यांवरही सारखीच असतात. पुढची आठ मात्र प्रत्येक डब्याची वेगळी. आमची बाराच्या बारा जुळली. ‘जळालेला’ डबा पुसून, रिसेट करून, खोक्यात घालून परत आला होता! म्हणूनच तो लगेच चालू झाला. खरोखर नवी ओएनटी असती तर तिचा सिरीयल नंबर आधी कंपनीच्या यंत्रणेत चढवावा लागला असता.

मुळात लाल एलओएस दिव्याचा अर्थ एवढाच, की डब्यापर्यंत प्रकाश पोचत नाही. ते सांगायला डबा जिवंत लागतो. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज वाहत नाही. विजेने नुकसान झालंच तर बहुतेकदा ते अ‍ॅडॉप्टरच्या बाजूने येतं, आणि मग अनेकदा एकही दिवा लागत नाही. डब्यातला प्रकाश टिपणारा भाग क्वचित खराब होतोही, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी वायर बघायची: कुठे काटकोनात मुडपली आहे का, हिरवा कनेक्टर नीट आत बसला आहे का. (कनेक्टरच्या तोंडात डोकावू नका, आतला लेझर दिसत नाही पण डोळ्यांना घातक ठरू शकतो.) तंत्रज्ञाकडे वायरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर असतो. तो वायरला लावून आकडा आपल्यासमोर दाखवायला सांगा. साधारण उणे २७ डीबीएमच्या (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) खाली, म्हणजे उणे २८, उणे ३० असा आकडा गेला, किंवा काहीच आलं नाही, तर दोष डब्याच्या बाहेर आहे.

आमच्याकडे तेच होतं. गच्चीवर पाण्याच्या पाइपाशी वायर दबली होती. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवला की काम संपलं, आणि त्याने तेवढंच केलं होतं. आता ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर उणे २१ डीबीएम दिसतात.

दोन्ही सिरीयल नंबरांचे फोटो आणि यूपीआयची पावती जोडून बाबांनी कंपनीकडे रीतसर तक्रार केली. उत्तर आलं की ओएनटी कंपनीच्या मालकीची आहे, ती आपोआप बिघडली तर बदलायचे पैसे घेतले जात नाहीत, आणि आमच्या खात्यावर डबा बदलल्याची नोंदच नाही. मग त्या मुलाचा फोन आला, ‘काका, २,८०० परत देतो, तक्रार मागे घ्या.’ बाबांनी पैसे घेतले, तक्रार मागे घेतली नाही. त्याच वसाहतीत आणखी किती म्हाताऱ्या माणसांकडे हाच खेळ झाला असेल, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मला रास्त वाटतो.

ग्राहक सेवेकडून समाधान झालं नाही, तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनुसार प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकरण असतं. तिथे दाद मागायला तक्रार क्रमांक लागतो, म्हणून दुरुस्तीसाठी फोन करायचा तो कंपनीलाच. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. आमचं अपील दाखल झालं आहे. आणि तुमच्या ओएनटीच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा.