टेंपरेचर निम्मं करून देतो म्हणाला आणि सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर घुसवून दिला, सुपरचार्जरवाल्यांनी वाचाच

ऑफरोडच्या गाडीला सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर) आहे आणि बॉनेटखाली फार तापतंय म्हणून कुणाला काम द्यायचा विचार चाललाय, त्यांनी पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, त्याने काय काय केलं ते लिहितो, कारण हे असं कुणीही कुठेही करू शकतं आणि समोर उभं राहूनसुद्धा आपल्याला कळत नाही. मला दीड महिना कळलं नाही.

गाडी डांबरी रस्त्यावर पळताना काहीच त्रास नव्हता. लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) टाकून दगडातून, वाळूतून चालण्याच्या वेगाने तासभर गेलं की सुरू व्हायचं. आधी गरम प्लास्टिकचा वास, मग पाय कितीही दाबा गाडी ओढायची नाही, आणि दहा मिनिटं बंद करून परत सुरू केली की अजूनच मरगळलेली. स्कॅनर लावला तर कूलंट ९५-९६ म्हणजे ठीक, पण इंजिनात जाणाऱ्या हवेचं टेंपरेचर ७२, कधी ७५.

आता हवा दाबली की ती तापणारच, सायकलच्या पंपाचं नळकांडं हाताला चटका देतं तसं. ७ पीएसआय बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला दाब) म्हणजे एकूण दाब जवळजवळ दीडपट, आणि बाहेर ३५ डिग्री असेल तर फुल बूस्टला सुपरचार्जरमधून निघताना हवा ९०-१०० पर्यंत जाते. म्हणून पुढे इंटरकूलर असतो. माझा पाण्यावरचा आहे, त्याचं कूलंट वेगळं, पुढच्या जाळीमागे त्याचा वेगळा छोटा रेडिएटर आणि ते पाणी फिरवायला छोटा इलेक्ट्रिक पंप. हा पंप लक्षात ठेवा, शेवटी त्याच्यावरच येणार आहे. रस्त्यावर समोरून वारा मिळतो, चढावर मिळत नाही, तिथे सगळं फॅनच्या जिवावर, त्यात हेडर (इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारे पाइप) दोन हातांवर लाल होत असतो आणि सुपरचार्जरचं अ‍ॅल्युमिनियमचं धूड ती सगळी उष्णता पिऊन बसतं.

मी ज्याच्याकडे गेलो तो बोलायला एकदम गोड आणि त्याला विषयाची माहिती होती, हे मुद्दाम सांगतो, अडाणी असता तर मी फसलो नसतो. त्याने पॅकेज सांगितलं, हेडरला सिरॅमिक कोटिंग, बॉनेट मागून उचलून गरम हवेला वाट, आणि इंटेक (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या) टेंपरेचरचं "कॅलिब्रेशन". म्हणाला, "साहेब, बॉनेटखालचं टेंपरेचर निम्मं करून देतो, आधीचं आणि नंतरचं रीडिंग तुमच्या डोळ्यासमोर घेऊ, फरक नाही दिसला तर पैसे देऊ नका." या वाक्यावर मी हो म्हटलं. रीडिंग समोर दाखवणारा माणूस खोटं कशाला बोलेल असंच कुणालाही वाटेल.

गाडी संध्याकाळी दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी तयार. त्याने लेझरवाली टेंपरेचर गन हेडरवर धरली. आदल्या दिवशी गंजलेल्या हेडरवर ३३० आलं होतं, आता चंदेरी चकचकीत हेडरवर १७५. मग स्कॅनर लावला, आम्ही चढावर एक फेरी मारून आलो, ७२ च्या जागी ३५. मी पैसे दिले. बरीच मोठी रक्कम होती.

आणि गाडी खरंच चांगली पळायला लागली. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सांगतोय, आधी जिथे मरायची तिथे आता जोरात ओढायची, थोडा पेट्रोलचा वास यायचा आणि अ‍ॅव्हरेज पडलं होतं पण मी लक्ष दिलं नाही. उलट माझ्या एका मित्राला, त्याचीही सुपरचार्जरची गाडी, मीच आग्रह करून तिथे पाठवलं. याचं मला स्वतः फसल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

शंका आली ती एका दुपारी. बाहेर ३६ डिग्री, वाळूत तासभर झालेला, आणि स्कॅनरवर इंटेक ३५. मी आकड्याकडे बघत बसलो. हवा दाबली, तापली, मग पाण्याने थंड झाली, ते सगळं कबूल, पण ते पाणी शेवटी बाहेरच्याच हवेने थंड होतं ना. बर्फ टाकला नाही, एसीची लाइन जोडली नाही, तर बाहेरच्या हवेपेक्षा खाली ती जाणार कशी, आणि तेही वारा नसताना? तिथेच गाडी बंद केली, बॉनेट मिटलेलं ठेवलं आणि फक्त इग्निशन चालू करून आकडा बघत राहिलो. बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता वर चढते, दहा-पंधरा मिनिटं इंटेकचा आकडा वाढत जायला हवा, ८० सुद्धा होतो. माझा ३८ वर जाऊन थांबला. बॉनेट उघडून सुपरचार्जरला हात लावायला गेलो तर बोट टेकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर उभी, सुरू न करता परत स्कॅनर लावला. रात्रभर थंड झालेल्या गाडीत कूलंट, इंटेक आणि बाहेरची हवा हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला पाहिजेत, एक-दोन डिग्री इकडेतिकडे. बाहेर २६, कूलंट २६, इंटेक १६. गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा दहा डिग्री थंड हवा.

एक जुना मित्र ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्याला बोलावलं. तो इंटेकचं टेंपरेचर मोजणाऱ्या सेन्सरपासून वायरिंगवर बोट फिरवत फिरवत मागे गेला आणि एका जागी थांबला, म्हणाला, "अरे, इथे टेप नवीन आहे बघ, बाकी सगळी कंपनीची आहे." ब्लेडने टेप सोडवली, आत काळी हीट-श्रिंक स्लीव्ह, ती उभी चिरली तर आत तांदळाएवढा रेझिस्टर, दोन बाजूंनी डाग दिलेला. तपकिरी, काळा, लाल पट्टा. एक हजार ओहम. असला रेझिस्टर मुलं शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात.

त्याने मला समजावलं ते सांगतो. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, माझ्या गाडीतल्याचा २० डिग्रीला अडीच हजार ओहम आणि ८० ला साधारण सव्वातीनशे. त्याच्या लाइनमध्ये वरून हजार ओहम टाकले की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) नेहमीच जास्त रेझिस्टन्स दिसणार, म्हणजे हवा थंड दिसणार. आणि हजारच्या खाली आकडा जाऊच शकत नाही म्हणून कितीही तापली तरी स्क्रीनवर ४४-४५ च्या वर कधीच येणार नाही. थंडीत फरक थोडा, गरमीत प्रचंड, म्हणजे जिथे खरं कळायला हवं तिथेच सगळ्यात मोठं खोटं.

आता कुणी म्हणेल आकडाच चुकीचा दिसतोय ना, त्याने काय बिघडलं. सगळं बिघडतं. हवा तापली की ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळेच गाडी मरगळल्यासारखी वाटते, ते गाडीचं दुखणं नाही, ती इंजिन वाचवायची व्यवस्था आहे. ती व्यवस्था या माणसाने बंद केली. ७५ डिग्रीची हवा आत जातेय आणि ईसीयू ३६ समजून टायमिंग पुढे ठेवतोय, थंड हवा दाट असते म्हणून पेट्रोलही जास्त सोडतोय, वास त्याचाच होता. मला "ताकद" वाटली ती ही. साध्या इंजिनात नॉक सेन्सर (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकलं की ओळखणारा) बऱ्याच वेळा सांभाळून घेतो, पण बूस्टखाली गरम हवा आणि पुढचं टायमिंग एकत्र आलं की तो तरी किती सांभाळणार.

प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर, पांढऱ्या चिनीमातीच्या भागावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके आणि त्यात उन्हात धरल्यावर चमकणारे बारीक कण. ते कण पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम होते. कॉम्प्रेशन टेस्टला बाकीचे सगळे सारखे, हा एकटा खूप खाली. इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली निघाली. दीड महिन्यात.

हे झाल्यावर मी बाकीची कामंही तपासली. गनचं रीडिंग खोटं नव्हतं, पण ते काय मोजतं हे मला माहीत नव्हतं. ती गन तापलेल्या वस्तूतून निघणारे इन्फ्रारेड किरण मोजते आणि वस्तू काळपट, खरखरीत आहे असं धरून आकडा देते. गंजलेलं लोखंड भरपूर किरण सोडतं, चंदेरी रंग निम्म्याहून कमी सोडतो, म्हणून तेवढंच गरम असून गनला थंड दिसतं. घरी करून बघा, चकचकीत स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळा आणि गन धरा, आकडा ४० च्या आसपास येतो, मग त्याच पातेल्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर धरा, ९० च्या वर जाईल. हेडरवर टेप जळते म्हणून मी उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा नाण्याएवढा ठिपका दिला. ठिपक्यावर ३२५, बाजूच्या चंदेरीवर १७०. म्हणजे कोटिंग वगैरे काही नाही, स्प्रेचा चंदेरी रंग मारला होता, आणि तो पोर्टजवळ सोलायलाही लागला होता. खऱ्या सिरॅमिक कोटिंगसाठी हेडर काढून वाळूचा मारा करून पार नागडा करतात, मग कोट मारून भट्टीत भाजतात. आणि माझ्या हेडरचे बोल्ट हललेसुद्धा नव्हते, त्यांच्या डोक्यावरही तोच रंग होता. हे मी त्या दिवशी बघू शकलो असतो.

बॉनेटचं तर विचारू नका. मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून उचललं होतं. उभ्या गाडीत तिथून गरम हवा निघते हे खरं, पण वेगात विंडशील्डच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि उलट हवा आत घुसायला लागते. मी लोकरीचे धागे चिकटवून बघितलं, वेग वाढला की सगळे धागे आत ओढले जायचे. शिवाय केबिनच्या ब्लोअरचं तोंड तिथेच असतं, म्हणून इंजिनचा वास आत यायचा. व्हेंट (गरम हवा बाहेर सोडणाऱ्या फटी) रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात लागतात, तिथे दाब कमी असतो.

त्याच्याकडे परत गेलो, फोटो, रेझिस्टर, प्लग सगळं घेऊन. आधी म्हणाला हे आमचं नाहीच, आधीच्या कुणीतरी केलं असेल. मग मी त्याच्याच हाताखालच्या पोराने पाठवलेला कामाचा फोटो दाखवला ज्यात ती नवी टेप दिसतेय, तेव्हा म्हणाला, "साहेब, तुम्हाला पॉवर पाहिजे होती ना, मिळाली ना." मी पॉवर मागितलीच नव्हती. कोटिंगचे पैसे भांडून परत मिळाले, इंजिनचे नाही. बिलावर नुसतं "हीट मॅनेजमेंट" लिहिलेलं, कोणतं काम, कोणता पार्ट, काहीच नाही, त्यामुळे पुढे तक्रार अडली.

आणि मूळ दुखणं? इंटरकूलरच्या पाण्याचं झाकण उघडून इग्निशन चालू केलं की पाणी फिरताना दिसायला हवं, माझ्यात पाणी एकदम शांत. पंपाचे दोन पाइप हातात धरले, एक चटका देणारा, दुसरा गारच. पंपाच्या कनेक्टरची पिन हिरवी पडून तुटली होती, कुठल्यातरी पाण्यातून गाडी काढल्याचा प्रताप. पंप बदलला, मग गाडी चढावर तोंड वर करून उभी केली म्हणजे झाकण सगळ्यात उंच येतं, आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हवा काढली, त्याला अर्धा तास लागला कारण थोडी जरी हवा अडकली तरी पंप नुसता गुणगुणत बसतो. त्या छोट्या रेडिएटरच्या तोंडावर असलेला लाइटबार वर हलवला, मोठ्या रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवल्या, नाहीतर हवा जाळीतून न जाता बाजूने पळते. व्हेंट नीट जागी बसवले. हेडर या वेळी मी स्वतः काढून दिला आणि भाजून आलेला स्वतः घेऊन आलो. पंपाला जेवढे पैसे गेले तेवढे त्या पॅकेजच्या बिलात दिसलेसुद्धा नसते.

मित्राला मी रेझिस्टर सापडला त्याच रात्री फोन केला, गाडीला बूस्टमध्ये नेऊ नकोस म्हणून. त्याच्याही वायरीत निघाला, तसाच, तेच तीन पट्टे. त्याचं इंजिन वाचलंय.

तुम्ही असं काम करून घेतलं असेल तर उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी स्कॅनर लावून ते तीन आकडे बघा, दोन मिनिटांचं काम आहे. माझे आज सकाळचे, बाहेर २३, कूलंट २३, इंटेक २४. काल चढावर, बाहेर ३४ असताना, इंटेक ५२ पर्यंत गेला आणि बंद केल्यावर ७१. मोठे आकडे आहेत, पण खरे आहेत.